पहिली मार्कअप भाषा कोणती निवडावी?

प्रस्तावना

मराठीचा अभ्यासक आज केवळ कागदासाठी लिहीत नाही. ग्रंथपरीक्षण असो, दिवाळी अंकातील लेख असो, बोलीतील शब्दांचे संकलन असो किंवा स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या एखाद्या जुन्या पुस्तकाची नवी प्रत असो, हे लेखन कधी ना कधी पडद्यावर वाचले जाते. मागील पाठात आपण युनिकोडची ओळख करून घेतली. अक्षर संगणकात कसे साठवले जाते, हे त्यावरून समजले. परंतु अमुक ओळ शीर्षक आहे, अमुक परिच्छेद दुसऱ्या ग्रंथातील अवतरण आहे, अमुक चार ओळी मिळून एक कडवे होते, हे युनिकोड सांगत नाही. ते सांगण्यासाठी मजकुरात खुणा कराव्या लागतात. अशा खुणांच्या नियमबद्ध पद्धतीला मार्कअप भाषा किंवा चिन्हांकन भाषा म्हणतात.

अडचण अशी की या भाषा अनेक आहेत. एचटीएमएल, एक्सएचटीएमएल, एक्सएमएल, मार्कडाउन, विकिपीडियाची खूणपद्धती ही नावे नवशिक्याच्या कानावर एकदमच पडतात आणि प्रत्येक नावामागे आग्रहाने बोलणारे कोणीतरी असते. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातील चार-पाच तास अभ्यासाला देणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी, हा या पाठाचा विषय आहे. आमचे उत्तर एचटीएमएल असे आहे. मात्र ते का, आणि एचटीएमएलचा नेमका कोणता भाग आधी शिकावा, हे समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराचा उपयोग नाही.

एक सूचना आधीच द्यावयास हवी. या पाठात खुणांची नावे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि कोनी कंसांत लिहावयाची असतात. अशा कंसातील नावाला टॅग म्हणतात. बहुतेक टॅग जोडीने येतात. एक मजकुराच्या आरंभी, दुसरा शेवटी. शेवटच्या टॅगमध्ये नावापूर्वी एक तिरपी रेघ असते.

रूपाची खूण आणि अर्थाची खूण

हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी संपादक त्यावर समासात खुणा करीत असे. मार्कअप हा शब्द तेथूनच संगणकाच्या व्यवहारात आला. या खुणा दोन प्रकारच्या असत. ‘ही ओळ १६ पॉइंटात, ठळक, मध्यभागी’ ही रूपाची खूण झाली. ‘हे प्रकरणाचे शीर्षक’ ही अर्थाची खूण झाली. खिळे जुळवणारा कामगार जाणता असेल तर त्याला दुसरी खूण पुरेशी होई. त्या ग्रंथमालेत शीर्षक कसे लावतात हे त्याला ठाऊक असे. पुढच्या आवृत्तीत मालेचे रूप बदलले तरी ‘हे प्रकरणाचे शीर्षक’ ही खूण तशीच खरी राही. पहिली खूण मात्र पुन्हा करावी लागे.

हाच विचार १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी संगणकावर आणला. त्यांच्या पद्धतीचे नाव जीएमएल; त्या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही तीच. त्यातून घडलेली एसजीएमएल ही पद्धती १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. आज आपण ज्या भाषांतून निवड करणार आहोत, त्यांतील एचटीएमएल आणि एक्सएमएल यांचे मूळ येथे आहे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मराठीने त्याची किंमत मोजली आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे ज्याच्या-त्याच्या खास फॉन्टवर चालत. संगणकात साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन संकेतांची असत. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. ‘फॉन्ट’ नावाचा टॅग ब्राउझरला सांगे की हा मजकूर अमुक फॉन्टात दाखव. तो फॉन्ट संगणकावर असला की लेख वाचता येई, नसला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. म्हणजे तो मजकूर मराठी असल्याची सारी ग्वाही रूपाच्या एका खुणेवर टांगलेली होती. फॉन्ट गेला आणि मजकूरही गेला. असे लेख आज कोठे टिकून असले, तरी मराठी शब्द टाकून शोध घेतल्यास ते सापडत नाहीत. रूपांतर करून घेतल्याशिवाय ते कोणाच्या कामी येत नाहीत. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४ या आवृत्तीने ‘फॉन्ट’ हा टॅग यापुढे टाळावा असे ठरवले.

आता उलट उदाहरण पाहू. रोमन लिपीत एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा असला की तो तिरप्या अक्षरांत छापतात. देवनागरीत शिरोरेषेमुळे तिरपी अक्षरे अनेकदा डोळ्यांना खुपतात आणि मराठी मुद्रणाची रूढीही ठळक ठशाची किंवा अवतरणचिन्हांची आहे. एचटीएमएलमधील ‘ईएम’ हा टॅग ‘येथे जोर आहे’ एवढेच सांगतो. ब्राउझर आपल्या सवयीने ती अक्षरे तिरपी करतो. पण रूपाचे नियम ज्या वेगळ्या ठिकाणी लिहितात, त्या सीएसएसमध्ये एक ओळ लिहिली की साऱ्या लेखातील जोर दिलेले शब्द सरळ आणि ठळक होतात. लेखाला हात लावावा लागत नाही. लेखकाने ‘ईएम’ऐवजी जागोजागी रूपाची खूण केली असती, तर प्रत्येक शब्द शोधून दुरुस्त करावा लागला असता. मराठीसारख्या, स्वतःची मुद्रणरूढी असलेल्या भाषेच्या अभ्यासकाला अर्थाची खूण अधिक सोयीची का, हे यावरून ध्यानात यावे.

एक्सएचटीएमएलचा धडा

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत काम करताना एचटीएमएल घडवली. १९९१ मधील तिच्या पहिल्या यादीत जेमतेम १८ टॅग होते. पुढे ती झपाट्याने वाढली आणि तशीच बेशिस्तही झाली. टॅग बंद करायचा राहिला, एक टॅग दुसऱ्यात वेडावाकडा अडकला, तरी ब्राउझर सांभाळून घेत आणि पान दाखवत. फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, म्हणजे डब्ल्यू३सी या संस्थेने, एक्सएमएल ही काटेकोर पद्धती प्रसिद्ध केली आणि जानेवारी २००० मध्ये एचटीएमएलला त्या शिस्तीत बसवणारी एक्सएचटीएमएल आणली. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे. एक चूक झाली तर ब्राउझरने पानाऐवजी चुकीची सूचना दाखवावी, असा तिचा खाक्या होता.

त्या दशकात नवशिक्याला मिळणारा सल्ला ठरलेला असे: जुनी एचटीएमएल सोडा, भविष्य एक्सएचटीएमएलचे आहे. प्रत्यक्षात त्या वेळी सर्वाधिक वापरला जाणारा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर खऱ्या अर्थाने एक्सएचटीएमएल स्वीकारतच नव्हता. ती सोय त्यात २०११ मधील नवव्या आवृत्तीत आली. तोवर अशी पाने साध्या एचटीएमएलच्या नावाने पाठवली जात आणि शिस्त लेखकाच्या मनापुरती राही. दरम्यान २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याशी संबंधित मंडळींनी एचटीएमएललाच पुढे नेण्यासाठी वेगळा गट स्थापन केला. २००९ मध्ये डब्ल्यू३सीने एक्सएचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम थांबवण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ मानक म्हणून मान्य झाली आणि २०१९ पासून एकच ‘जिवंत मानक’ सतत दुरुस्त होत राहील, अशी व्यवस्था ठरली. त्यामुळे ‘सहावी आवृत्ती येईपर्यंत थांबावे का?’ या शंकेला आता अर्थ उरलेला नाही.

मग एक्सएचटीएमएल शिकलेल्यांचे श्रम वाया गेले काय? फारसे नाही. टॅग तेच होते; बदलला तो शिस्तीचा आग्रह. टॅग लहान अक्षरांत लिहिणे, उघडलेला टॅग बंद करणे या त्यांच्या सवयी आजही उपयोगी पडतात. ई-पुस्तकांच्या ईपब नमुन्यात तर प्रकरणे अजूनही एक्सएचटीएमएलच्या शिस्तीतच लिहावी लागतात. शाखा वाळली तरी खोडाशी नाते असलेले शिक्षण उपयोगी पडते, ही बाब निवड करताना लक्षात घेतली पाहिजे.

इतर पर्याय

मार्कडाउन ही २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने आणलेली पद्धती दिसायला अतिशय सोपी आहे. शीर्षकापूर्वी चौकटीसारखे हॅश चिन्ह, जोर देण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका. अर्ध्या तासात ती हाताखाली येते. संगणक हा मजकूर शेवटी एचटीएमएलमध्येच रूपांतरित करतो. टिपणे काढण्यास ती उत्तम. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याची पहिली भाषा म्हणून ती अपुरी पडते, आणि ते काव्याच्या बाबतीत लगेच जाणवते. मार्कडाउनमध्ये नुसती नवी ओळ लिहिली तर ती आधीच्या ओळीला जोडली जाते. ओळ खरोखर तोडावयाची असेल, तर मूळ पद्धतीप्रमाणे ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत! अभंगाचे चार चरण टंकलिखित करावेत आणि ते गद्य होऊन समोर यावेत, हा अनुभव त्यामुळेच येतो. शिवाय हा मजकूर कोणत्या भाषेतला आहे, हे सांगण्याची खूण मार्कडाउनच्या मूळ पद्धतीत नाही. जेथे खूण नाही तेथे एचटीएमएलचाच टॅग लिहावा, अशी तिच्या कर्त्याचीच योजना आहे.

विकिपीडिया आणि विकिस्रोत यांवरील खूणपद्धतीचे महत्त्व आपल्या दृष्टीने अधिक आहे, कारण तेथे मराठीत प्रत्यक्ष काम करता येते. विभागाच्या शीर्षकाला दोन्ही बाजूंनी बरोबरची चिन्हे, दुव्याला दुहेरी चौकोनी कंस, ठळक शब्दाला तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे, ही तिची रीत. मराठी विकिस्रोतावर जुन्या ग्रंथांची पाने उतरवून तपासताना तिचा सराव आपोआप होतो आणि काव्यासाठी तेथे वेगळा टॅगही आहे. पण ही पद्धती त्या प्रकल्पांच्या अंगणातच चालते. तिच्यात मधूनमधून एचटीएमएलचे टॅग डोकावतात आणि ज्याला एचटीएमएल येत नाही तो तेथे अडखळतो. म्हणून ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

राहता राहिली एक्सएमएल. हिच्याविषयी मराठीच्या अभ्यासकाला आकर्षण वाटावे असे एक कारण आहे. हिच्यात टॅगांची नावे आपण ठरवू शकतो, आणि ती देवनागरीतही चालतात. ‘ओवी’, ‘चरण’, ‘पाठभेद’ अशा नावांचे टॅग करून एखाद्या पोथीची प्रत चिन्हांकित करणे एक्सएमएलच्या नियमांत पूर्णपणे बसते. (या पाठातील इतर सर्व टॅगांना लागू असलेला रोमन लिपीचा नियम येथे लागू नाही.) मात्र ‘ओवी’ म्हणजे काय हे ब्राउझरला माहीत नसते. ते कसे दाखवावे, हे आपल्यालाच शिकवावे लागते. दुसऱ्या संशोधकाने त्याच गोष्टीला ‘पद’ म्हटले असेल, तर दोघांची कामे जुळवणे कठीण जाते. या अडचणीवर उपाय म्हणून १९८७ पासून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, हा विद्वानांचा उपक्रम समान टॅगांची व्यवस्था घडवत आला आहे. तीत पद्यातील ओळ, कडवे, पाठभेद, लेखनिकाने खोडलेला शब्द, वाचता न येणारे अक्षर या प्रत्येकासाठी टॅग आहे. पाठचिकित्सेकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे टीईआय अवश्य अभ्यासावी. पण पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उतरू नये.

एचटीएमएलमधील आधी शिकण्याचा भाग

एचटीएमएलमध्ये आज शंभराहून अधिक टॅग आहेत. घाबरण्याचे कारण नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम सुरुवातीला वीसेक टॅगांवर भागते. ‘एच’ या अक्षराला जोडून एक ते सहा आकडे लिहिले की शीर्षकाच्या सहा पातळ्या होतात. पातळी अर्थावरून ठरवावी, अक्षरांच्या आकारावरून नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरताना एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारीत पान चाळतात. नुसत्या ठळक केलेल्या ओळी त्यांच्या हाती लागत नाहीत. ‘पी’ हा परिच्छेदाचा टॅग. ‘ब्लॉककोट’ दीर्घ अवतरणाचा. ‘साइट’ हा टॅग ग्रंथाच्या, लेखाच्या किंवा नाटकाच्या नावासाठी आहे. सध्याच्या मानकाप्रमाणे तो लेखकाच्या नावाला लावू नये. ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्याने हा भेद कटाक्षाने पाळावा.

‘बीआर’ म्हणजे ओळ तोडण्याची खूण. दोन परिच्छेदांत मोकळी जागा दिसावी म्हणून अनेक जण ती सर्रास वापरतात, ते चुकीचे आहे. ओळ तुटणे हाच मजकुराचा भाग असेल, जसे कवितेत किंवा पत्रावरील पत्त्यात, तेथेच ती योग्य ठरते. एक कडवे म्हणजे एक ‘पी’, आणि त्यातील प्रत्येक चरणानंतर ‘बीआर’, एवढे केले की कविता कोणत्याही पडद्यावर कविता राहते. कडव्यासाठी वेगळा टॅग एचटीएमएलमध्ये नाही, ही तिची उणीव मान्य केली पाहिजे.

आता मराठीसाठी विशेष महत्त्वाच्या दोन गोष्टी. पहिली, पानाच्या आरंभी ‘मेटा’ टॅगमध्ये ‘चारसेट’ या नावापुढे यूटीएफ-८ असे नोंदवणे आणि फाइल जतन करतानाही तेच संकेतन निवडणे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. ब्राउझरने जुन्या पाश्चात्त्य संकेतनाप्रमाणे ते वाचले तर एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन चिन्हे उमटतात, आणि त्यांतील पहिले नेहमी तेच असते: डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन वर्णमालेतील पहिले अक्षर. असे पान दिसले की मजकूर नष्ट झाला असे समजू नये. संकेतनाची नोंद तपासावी.

दुसरी गोष्ट, सर्वांत बाहेरच्या ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये ‘लँग’ हा गुणधर्म लिहून त्यापुढे मराठीचा संकेत, ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे, देणे. ही नोंद बहुतेक मराठी लेखक गाळतात, कारण ती गाळल्याने वरवर काही बिघडत नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे वळण हिंदी वळणाहून वेगळे आहे, आणि युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेतांक एकच आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपांची सोय असते, तो भाषेची नोंद पाहून योग्य रूप देतो. नोंद नसेल तर आपल्या लेखात हिंदी वळणाचा ‘ल’ येऊन बसण्याची शक्यता राहते. स्क्रीन रीडरही हीच नोंद पाहून मराठी आवाज निवडू शकतो. लेखात मध्येच संस्कृत श्लोक आला तर तेवढ्या भागाला ‘एसए’, कोकणी म्हण आली तर ‘केओके’ असा संकेत देता येतो. मराठी, हिंदी, संस्कृत आणि कोकणी या एकाच लिपीत लिहिल्या जात असल्यामुळे केवळ अक्षरांवरून भाषा ओळखणे यंत्राला सोपे नसते. म्हणून ही छोटी नोंद आपल्याला इंग्रजी लेखकापेक्षा अधिक मोलाची आहे.

सरावाविषयी

विशेष साधनसामग्री लागत नाही. संगणकावरील साधे नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर पुरे. इंटरनेटची जोडणीही आवश्यक नाही. वर्ड प्रोसेसरमधून थेट वेब पान तयार करण्याचा मोह टाळावा, कारण तसे पान अनावश्यक रूपखुणांनी भरून जाते आणि त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर कोनी कंस मिळत नाहीत, त्यांच्या जागी देवनागरीची चिन्हे असतात. त्यामुळे प्रत्येक टॅगसाठी कळफलक बदलत बसण्यापेक्षा आधी सर्व मराठी मजकूर लिहून घ्यावा आणि मग इंग्रजी कळफलकावर येऊन टॅग घालावेत. यात वेळ वाचतोच, शिवाय दुसऱ्या फेरीत आपलाच लेख ‘हा भाग नेमका काय आहे?’ या प्रश्नाने पुन्हा वाचला जातो.

स्वाध्याय

१. आपण पूर्वी लिहिलेल्या एखाद्या ग्रंथपरीक्षणाची दोन पाने घ्या. शीर्षक, उपशीर्षक, परिच्छेद, दीर्घ अवतरण, ग्रंथनाम आणि जोर दिलेले शब्द यांवर पेन्सिलीने समासात अर्थाच्या खुणा करा. जेथे आपण केवळ रूपासाठी ठळक अक्षरे वापरली होती, ती ठिकाणे वेगळी दाखवा.

२. तीच पाने एचटीएमएलमध्ये लिहा. ‘चारसेट’ आणि ‘लँग’ यांच्या नोंदी आठवणीने करा.

३. आपल्या घरात किंवा गावात म्हटली जाणारी जात्यावरची एक ओवी ऐकून उतरवून घ्या आणि ती चरणांसह चिन्हांकित करा. म्हणणारी व्यक्ती चरण कोठे तोडते आणि तुम्ही ओळ कोठे तोडली, यांत फरक पडल्यास ‘बीआर’ कोठे द्यावा, यावर दहा ओळींचे टिपण लिहा.